नऊनंतरची भाकरी

मैदानावरचे दिवे पावणेनऊला बंद होतात. बाटल्या गोळा करायच्या, गुडघ्याच्या पट्ट्या सोडायच्या, कुणाचा घोटा मुरगळला असेल तर त्यावर बर्फ धरायचा, सायकली काढायच्या. पोरी घरी पोचेपर्यंत साडेनऊ होतात. घरी झाकून ठेवलेलं ताट असतं आणि त्यातल्या निम्म्या जणी ते तसंच झाकलेलं ठेवून झोपायला जातात.

“ताई, सातनंतर खाल्लं की सगळी चरबीच होते ना?”

मी एका कबड्डी संघाच्या मुलींचं खाणं बघते. म्हणजे खरं तर त्यांच्या वह्या बघते. कधी काय खाल्लं, किती वाजता झोपली, सकाळी वजन किती, एवढं त्या लिहितात आणि मी वाचते. प्रत्येक वहीच्या पहिल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. कुणाला तो मोबाइलवरच्या व्हिडिओतून मिळालेला असतो, कुणाला आत्याकडून. एकीला जिममधल्या दादाने सांगितलं होतं की रात्री पोट झोपतं. (पोट झोपत नाही. जरा संथ होतं, इतकंच.)

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण ‘रात्री उशिरा जेवल्याने वजन वाढतं’ हे अगदीच खोटं नाही. ज्यांच्याबाबत ते थोडंफार खरं आहे ती माणसं वेगळी आणि संध्याकाळी दोन तास घाम गाळून आलेली पोर वेगळी.

आधी वजनकाट्याचं बघू, कारण सगळी भीती तिथून सुरू होते.

आमच्या संघात डावा कोपरा खेळणारी एक मुलगी आहे. कुमारी गटाला वजनाची मर्यादा ६५ किलो. निवड चाचणीला सात आठवडे होते आणि हिचं वजन ६६च्या आसपास. एका सोमवारी तिच्या वहीत नोंद होती ६६.१, मंगळवारी ६७.२. मंगळवारच्या आकड्यावर पेनाने इतकं गिरवलं होतं की कागद फाटला होता. मधल्या रात्री काय झालं, तर चुलत बहिणीची हळद होती. रात्री दहाला पंगत. मसालेभात, पापड, लोणचं, जिलबी. ‘एका रात्रीत एक किलो चरबी’ असं तिने खाली लिहिलं होतं आणि पुढचे तीन दिवस रात्रीचं जेवण बंद.

आता हिशेब बघा. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. जास्तीच्या म्हणजे दिवसभराची गरज भागवून वर उरलेल्या. ११०० ग्रॅमला साडेआठ हजारांच्या आसपास. तूप लावलेल्या पंचवीसेक पुरणपोळ्या झाल्या, त्याही रोजच्या जेवणाच्या वर. ही मुलगी जिलब्या चारच खाऊन उठली होती.

मग काट्यावर काय चढलं? मुख्यतः पाणी. आपण भात-भाकरी-साखर खातो त्यातली काही साखर स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी अडकून राहतं. सरावाने रिकामे झालेले स्नायू भरले की ३०० ग्रॅम साठा आणि त्यासोबत ९०० ग्रॅम पाणी, एवढ्यातच किलोच्या वर काटा जातो. त्यात पापड-लोणच्याच्या मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि उशिरा जेवल्यामुळे सकाळपर्यंत आतड्यात असलेलं अन्न. मुलींच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवस असतील तर आणखी थोडं. यातलं ग्लायकोजेन तर हवंच असतं. पुढच्या सरावाला चढाईत पाय उचलणार ते त्याच्याच जोरावर.

एका रात्रीत वजन कसं हलतं हे पॅरिस ऑलिंपिकमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. ६ ऑगस्ट २०२४ला विनेश फोगाटने ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या, त्यातली पहिली तर जपानच्या गतविजेत्या युई सुसाकीवर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत गेली. आदल्या संध्याकाळी लढतींमध्ये ताकद राहावी म्हणून घेतलेल्या खाण्यापिण्याने वजन मर्यादेच्या दोन किलोंहून वर गेलं होतं आणि रात्रभराच्या घामानेही ते पुरतं उतरलं नाही. दोनच दिवसांनी अमन सेहरावतने दहा तासांत ४.६ किलो उतरवले आणि ५७ किलो गटात कांस्य घेतलं. ४.६ किलो चरबी जाळायची तर पस्तीस हजार कॅलरी लागल्या असत्या, डझनभर मॅरेथॉनहून अधिक. म्हणजे तिचं जे चढलं तेही पाणी आणि अन्न होतं, आणि याचं जे उतरलं तेही पाणीच. उद्या सकाळचा काटा तुम्हाला आज रात्रीच्या पाण्याबद्दल सांगतो. चरबीबद्दल सांगायला त्याला तीन-चार आठवडे लागतात, तेही रोज एकाच वेळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन केलं आणि आठवड्याची सरासरी काढली तर.

कुस्तीत सकाळी वजन द्यायचं असतं तेव्हा आदल्या रात्रीचा घास ग्रॅमवर मोजावा लागतो, हे कबूल. तो वर्षातल्या चार-सहा रात्रींचा प्रश्न आहे. उरलेल्या साडेतीनशे रात्री तसंच जगायला लागलं की घोळ होतो.

बरं, मग ‘उशिरा खाऊ नये’ हे आलं कुठून?

शरीराला घड्याळ असतं यात शंका नाही. अंधार पडल्यावर झोपेची खबर देणारं मेलाटोनिन वाढायला लागतं, संध्याकाळपासून इन्सुलिनचं काम मंदावतं, आणि तीच वाटी भात सकाळी खाल्ला तर रक्तातली साखर जेवढी वाढते त्याहून रात्री जास्त वाढते. २०२२मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी १६ जणांना प्रयोगशाळेत ठेवून तेच जेवण, तेवढंच, फक्त चार तास उशिरा दिलं. लोकांना भूक जास्त लागली, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी झालं, आणि जागेपणी खर्च होणारी ऊर्जा साधारण पाच टक्क्यांनी, म्हणजे साठेक कॅलरींनी घटली. बातम्यांचे मथळे याच प्रयोगावरून आले. पण ते १६ जण वजन जास्त असलेले होते, आणि सराव करून आलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं.

त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनहून दुसरं उत्तर आलं. तिथे ३० जणांना चार आठवडे सकाळी मोठं जेवण आणि रात्री छोटं दिलं, नंतर चार आठवडे उलटं. कॅलरी दोन्हींत सारख्याच आणि गरजेपेक्षा कमी. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, तीन किलोंच्या आसपास. फरक एकच पडला: सकाळी भरपेट खाल्लं तेव्हा दिवसभर भूक कमी लागली.

मला ही दोन्ही संशोधनं एकमेकांना छेद देणारी वाटत नाहीत. ताटात किती वाढायचं हे दुसरं कुणी मोजून ठरवतं तेव्हा घड्याळाने फारसं बिघडत नाही. घरी मात्र ताट आपण वाढतो, आणि उशिरापर्यंत ताणलेली भूक पळी मोठी करते.

पण माझ्या पोरींच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट या दोन्ही प्रयोगांत नाहीच. ती स्नायूंत आहे. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या स्नायूंची दारं इन्सुलिनने कडी वाजवल्याशिवाय उघडत नाहीत, आणि रात्री ती कडी जरा हळूच वाजते. व्यायाम केलेल्या स्नायूंचं तसं नसतं. आकुंचन पावताना ते साखर आत घेणारी दारं स्वतःच उघडतात, इन्सुलिनची वाट न पाहता. सराव संपल्यावरही कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, ते इन्सुलिनच्या हाकेला जास्त ओ देतात. त्यामुळे रात्रीचे साडेनऊ सगळ्यांचे सारखे नसतात. टीव्हीसमोर बसलेल्या काकांच्या दुसऱ्या भातापुढे शरीराचं ‘आता हे ठेवू कुठे’ असं होतं. त्याच वेळी मैदानावरून आलेल्या पुतणीच्या मांड्यांत जागाच जागा असते.

कोल्हापूरच्या तालमींतला जुना शिरस्ता मला यावरून आठवतो. पैलवानाचा दिवस पहाटे चारला सुरू. जोर-बैठका, मग खुराक, थंडाई, दुपारची झोप, संध्याकाळची मेहनत, जेवण आणि रात्री लवकर निजानीज. त्या दिवसात ‘लवकर जेव’ हा नियम चपखल बसतो, कारण मेहनतही लवकर आटपलेली असते. आमच्या पोरी सकाळी कॉलेजात, दुपारी क्लासला, आणि मैदान मिळतं साडेसहानंतर. दिवस बदलला आणि नियम तसाच राहिला.

आता कोपऱ्यावरच्या मुलीची वही उघडते. एक बुधवार, आहे तसा:

सकाळी साडेसहाला चहा, दोन बिस्किटं. कॉलेजच्या गडबडीत नाश्ता नाही. साडेबाराला डबा: दोन पोळ्या, भेंडीची भाजी. साडेचारला चहा. साडेसहा ते पावणेनऊ सराव. साडेनऊला पाणी आणि अर्धी काकडी. अकराला झोप.

दिवसभरात एवढंच. गुरुवारही जवळपास असाच. मग शुक्रवारी रात्रीपुढे तिने काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तर बराच वेळ नखं बघत बसली आणि मग हळूहळू सांगितलं. साडेअकराला सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात जायचं. डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून धरून आवाज न करता उघडायची तिला कला अवगत झाली होती. फरसाण, मग बिस्किटांचा अख्खा पुडा, मग उरलेल्या दोन पोळ्यांवर तूप-साखर, उभ्यानेच, ओट्याशी, दिवा न लावता. शनिवारीही तसंच. रविवारी रडारड आणि सोमवारपासून परत काकडी.

तिचा समज होता की शुक्रवारची रात्र ही तिची चूक. मी म्हटलं, शुक्रवारचं सोड, बुधवारची दुपार बघ. दिवसभर पोटाला चिमटा घेतला की रात्री भूक वसुलीला येतेच. त्यात इच्छाशक्ती कमी पडली वगैरे काही नसतं. रात्रीच्या खाण्याने वजन वाढताना दिसतं ना, ते बहुतेक वेळा असं दिसतं: दिवसाचं ताट रिकामं, म्हणून रात्रीचा डबा रिकामा.

खेळाडूंचा तास-तासाचा हिशेब अमेरिकेत २०००मध्ये एकदा मांडला गेला. ६२ अव्वल खेळाडू मुली, त्यात ४२ जिम्नॅस्ट आणि २० धावपटू. दिवसाच्या कोणत्या तासाला शरीरात ऊर्जेची तूट ३०० कॅलरींच्या पुढे जाते ते पाहिलं. ज्यांचे दिवसातले जास्त तास अशा खड्ड्यात गेले, त्यांच्या अंगावर चरबीचं प्रमाण जास्त निघालं. यातून खड्ड्यामुळेच चरबी झाली असं सिद्ध होत नाही. आधी अंगावर जास्त असल्यामुळे त्या कमी खात असतील, असंही असू शकतं. पण उपाशी राहून खेळाडू काटक होतो या समजाला मात्र त्याने चांगला तडा जातो.

खड्डा खोल झाला तर काय होतं हे मी मैदानावर पहाटे लांब पळणाऱ्या दुसऱ्या एका मुलीत पाहिलं. वजन ४८ किलो, चरबी वगळता अंगाचा भार चाळीसेक. दिवसाचं खाणं १,५०० कॅलरी. त्यातल्या ६०० पळण्यात जातात. हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स, बाकी सगळ्या संसाराला उरल्या ९००. त्याला चाळीसने भागलं की किलोमागे साडेबावीस. हा आकडा पंचेचाळीसच्या आसपास असला तर शरीर खुशीत असतं, तिसाच्या खाली गेला की काटकसर सुरू. आणि शरीर काटकसर करताना आधी त्या गोष्टी बंद करतं ज्यांच्यावाचून आज जगता येतं. तिची पाळी तीन महिने आली नव्हती. “बरंच झालं ना ताई, कटकट गेली,” असं ती हसत म्हणाली होती. नंतर नडगीचं दुखणं सुरू झालं, डॉक्टरांनी हाडाला सूक्ष्म भेग सांगितली, आणि स्पर्धांचा हंगाम गेला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या सगळ्या गुंत्याला २०१४मध्ये रेड-एस असं नाव दिलं. खेळाच्या मानाने ऊर्जा कमी पडल्याने होणारी दुखणी. मुलांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसल्याने उशिरा कळतं. पाळी थांबणं ही शिस्तीची पावती नाही. तीन महिने वाट न बघता डॉक्टरकडे जायचं.

या मुलीचाही दिवस आठच्या पोह्यांनी सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपायचा. रात्रीचं जेवण सोडणं हे तिच्या लेखी सगळ्यात सोपं होतं, कारण ‘रात्री नकोच’ म्हटलं की घरात कुणी वाद घालत नाही. सकाळचा नाश्ता सोडला तर आजी ओरडते.

झोपेत काय चालतं तेही सांगायला हवं. सरावात स्नायूंची जी झीज होते तिची डागडुजी रात्री चालू असते आणि तिला माल लागतो, म्हणजे प्रथिनं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०१२मध्ये संध्याकाळी वजनं उचललेल्या तरुणांना झोपण्याआधी ४० ग्रॅम केसीन दिलं, दुधातलं सावकाश पचणारं प्रथिन. रात्रभरात स्नायूंची बांधणी बावीसेक टक्क्यांनी जास्त झाली. २०१५मध्ये तिथल्याच १२ आठवड्यांच्या प्रयोगात रोज झोपताना २७.५ ग्रॅम प्रथिन घेणाऱ्यांची ताकद आणि स्नायू जास्त वाढले.

इथे जरा थांबा, कारण याच प्रयोगांच्या नावाने ‘रात्रीचं केसीन’ म्हणून पावडरचे डबे विकले जातात. त्या दुसऱ्या प्रयोगात समोरच्या गटाला झोपताना प्रथिन दिलंच नव्हतं, त्यामुळे फायदा रात्रीच्या वेळेचा की दिवसाच्या एकूण जास्त प्रथिनाचा, हे त्यावरून सांगता येत नाही. मला एकूणाचाच जास्त वाटतो. दुधातलं ऐंशी टक्के प्रथिन केसीनच असतं, म्हणून हळदीचं दूध म्हणजे तोच प्रयोग असं सांगणारेही भेटतात. पण पेलाभर दुधात सगळं मिळून आठ ग्रॅम प्रथिन. ४० ग्रॅम केसीनला लिटरच्या वर दूध प्यावं लागेल. दूध प्या, चांगलंच आहे. त्याच्याकडून बावीस टक्क्यांची अपेक्षा धरू नका. किलोमागे दिवसाला दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिन, चार-पाच वेळांत वाटून, एवढं जमलं की झोपतानाच्या डब्याचा प्रश्न आपोआप मिटतो. आमच्या बहुतेक वह्यांत ते निम्म्यावरच असतं.

आणि सकाळी सहाला परत पळायचं असेल तर रात्रीचं जेवण टाळणं म्हणजे गाडी राखीव पेट्रोलवर घाटात घालणं. दोन सरावांत आठ-नऊ तासांचंच अंतर असलं की ग्लायकोजेन भरायला वेळ कमी पडतो. अशा वेळी सराव संपल्यावर पहिल्या तासात किलोमागे एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत असं धरतात. ६५ किलोच्या मुलीला एक मध्यम भाकरी आणि वाटीभर भात, झालं काम.

कोपरेवालीच्या दिवसात आम्ही जे बदललं ते फार नव्हतं. नाश्त्याला दोन अंडी आणि पोळी, घाईत असेल तर पोळीतच गुंडाळून. डब्यात भाजीबरोबर उसळ किंवा घट्ट वरण. साडेपाचला केळं आणि शेंगदाण्याची चिक्की. सराव संपला की मैदानावरच पिशवीतले मूठभर फुटाणे आणि ताक, पट्ट्या सोडता सोडता. घरी साडेनऊला दीड भाकरी-पिठलं, किंवा मुगाची खिचडी आणि वर चमचाभर तूप, नाहीतर दहीभात आणि सोबत अंड्याची भुर्जी. तेल-तिखट बेताचं, कारण झोपायला दीडच तास असतो. तर्रीदार मिसळ खाऊन आडवं झालं की ती घशाशी येते, मग झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक दुप्पट. चहा मात्र साडेचारनंतर बंद. त्यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली.

तिच्या आईची शंका वेगळी होती. “ताई, वजन उतरवायचं म्हणता आणि नऊनंतर भाकरी खाऊ घालायला सांगता?” मी त्यांच्यासमोर वहीच्या दोन आठवड्यांची बेरीज मांडली. काकडीच्या चार रात्री आणि फरसाणाच्या दोन रात्री धरून आठवड्याचं जे होत होतं, त्यापेक्षा रोजच्या भाकरीचा आठवडा हलका निघत होता, दिवसाला दोनशे कॅलरींनी. त्यांनी बेरीज दोनदा तपासली. पोस्टात आहेत त्या, आकड्यांना सोडत नाहीत.

सगळ्यांना हे असं जमत नाही हेही सांगते. सांगली-कोल्हापूरकडे जैन घरांतल्या मुली खेळात भरपूर आहेत आणि काही घरांत चौविहार पाळतात; सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे एक होती. तिला ‘रात्री जेवायलाच हवं’ असं सांगणं मला शोभलं नसतं आणि तिने ऐकलंही नसतं. सरांनी तिच्यापुरता सराव चारला घेतला, सुट्ट्यांत पहाटे. साडेपाचला मैदानावरच तिचा डबा: दोन धपाटे, दही, भिजवलेल्या मुगाची उसळ, आणि सूर्य मावळायच्या आत पाणी भरपूर. दिवसाच्या उजेडात तिचं सगळं खाणं बसलं, तर तिची ताकद कुठेच कमी पडली नाही. नियम मोडावा लागला नाही, वेळापत्रक मात्र मोडावं लागलं. उन्हाळ्यात तेही जड जातं, कारण चारच्या उन्हात घामाने निघालेलं पाणी भरून काढायला दोनच तास मिळतात.

ज्या रात्रीच्या खाण्याला मी खरोखर नाही म्हणते ते जेवणानंतरचं असतं. जेवून तासभर झालेला, भूक नाही, हातात मोबाइल, आणि शेजारी वेफर्सचं पाकीट. वसतिगृहात बाराला शिजणारी मॅगीही त्यातलीच, पण त्या पोरांना मेसमध्ये साडेसातलाच जेवावं लागतं आणि सराव असतो आठपर्यंत, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? मेसवाल्या मावशींना सांगून ताट काढून ठेवायची सोय एकदा झाली की मॅगी निम्म्यावर येते. हे करून पाहिलेलं आहे.

निवड चाचणीच्या सकाळी आठ वाजता शाळेच्या व्हरांड्यात काटा मांडला होता. कोपरेवाली चपला काढून उभी राहिली. ६४.७. सात आठवड्यांत दीड किलोच्या आत-बाहेर. खाली उतरली आणि पिशवीतून केळं काढून तिथेच खायला लागली. मागे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या संघाच्या मुली तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांतल्या एकीच्या ओठांवर पांढरी साल आलेली होती, आदल्या दुपारपासून पाणी न प्यायल्याची.

त्या रात्री साडेनऊला कोपरेवालीच्या आईचा फोन आला.

“ताई, आज तिचे दोनच सामने झाले, सराव नव्हता. मग भाकरी एकच टाकू का?”

“उद्या सकाळी सहाला पळायचंय तिला,” मी म्हटलं. “दीड टाका.”